हिरवळीची उंची

नागपूर,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाळास,

तुझे पत्र पावले. देवरीच्या शाळेपुढील हिरवळीची व्यवस्था तुझ्याकडे आली, हे वाचून समाधान वाटले; परंतु मजुरी वाचावी म्हणून गवत महिनाभर वाढू द्यावयाचे आणि मग एकदम बुडापासून खरवडून काढावयाचे, असा शिरस्ता तेथे पडला आहे आणि आता तरोटा, नागरमोथा व गाजरगवत यांनी आवार व्यापल्यामुळे तू तणनाशकाच्या मंजुरीसाठी अर्ज करणार आहेस, हे मला मुळीच पसंत पडले नाही. औषधाची तजवीज करण्यापूर्वी गवत कापण्याच्या यंत्राचे पाते जमिनीपासून किती उंचीवर फिरते, याची खातरजमा कर.

गवत आपले अन्न पानांतच तयार करते. एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला, म्हणजे उरलेल्या पानांना ते काम पेलत नाही, साठविलेली शर्करा नवे पान फोडण्यात खर्ची पडते आणि मुळांची वाढ खुंटते. आणि मुळे उथळ राहिली, की पावसाने आठवडाभर ओढ देताच मुरमाड जमिनीवरील हिरवळ पिवळी पडू लागते. उद्या सकाळी हिरवळीवर बसून बोटांनी गवत विलग करून पाहा. जेथे ते दाट आहे तेथे बुडाशी काळोख आणि ओल आढळेल. जेथे ते खरवडले गेले आहे तेथे पिवळ्या काड्यांच्या मधून उघडी माती दिसेल आणि तीत तरोट्याची दोन-दोन पानांची रोपे उभी असतील. धानाच्या बांधीत रोवणीनंतर साचविलेले पाणी ज्याप्रमाणे बरेचसे तण रुजू देत नाही, त्याचप्रमाणे येथे ते काम गवताच्या सावलीने करावयाचे असते, आणि ती सावलीच तुम्ही दर खेपेस कापून टाकता.

सर्व तणांची प्रकृती मात्र एक नव्हे. तरोटा सरळ वाढतो. नियमित कापणीने तो फुलण्यापूर्वीच क्षीण होतो (आणि त्याची कोवळी पाने आपल्याकडे भाजीला चालतात, हे तुला सांगावयास नको). 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत कोवळेपणी जमिनीलगत पाने पसरून राहते, म्हणून पाते कितीही खाली आणले तरी ते निसटते. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. नागरमोथ्याच्या गाठी भूमीत असल्याने नुसत्या कापणीने तो मरत नाही. ओल असताना खुरप्याने गाठीसह काढावा, आणि हे काम एका हंगामात पुरे होईल अशी अपेक्षा धरू नये.

तुमच्याकडील गवत हरळीचे आहे. तिला पावसाळ्यात दीड इंच उंची पुरे. ती सव्वादोन इंचांवर गेली, की कापणी करावी. भर पावसात आठवड्यातून एकदा तरी यंत्र फिरवावे लागेल, आणि मजुरीच्या रकमेत तेवढी वाढ मागणे सर्वस्वी न्याय्य आहे. उन्हाळ्यात उंची दोन इंचांपर्यंत नेली तर माती कमी तापते. याहून फार वाढू देणेही अहितकारक, कारण मग हिरवी पाने केवळ शेंड्याला राहतात, बुडाशी वाळक्या काड्या उरतात आणि पुढील कापणीत त्याच उघड्या पडतात. आज जेथे गवत फार वाढले आहे, तेथे चार-चार दिवसांच्या अंतराने थोडथोडे खाली आणावे. झाडाखालच्या दाट सावलीत हरळी धरणार नाही. तेथे तिचा हट्ट सोडावा. गोल्फच्या मैदानांच्या ठरावीक भागांत गवत काही मिलिमीटरच राखतात, हा दाखला कोणी पुढे करील. परंतु तेथे त्याकरिता निवडलेल्या जाती असतात आणि कापणी जवळजवळ रोज होते.

यंत्र बंद करून सपाट फरशीवर ठेव आणि फरशीपासून पात्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोज. पात्याला धार लावून घे. बोथट पात्याने पान फाटते आणि त्याचे टोक करपते. कापणी उघडीप पाहून, गवत कोरडे असताना करावी. कापलेल्या तुकड्यांत तणाचे बी नसेल, तर ते तेथेच पसरून राहू द्यावेत. त्यांतील नत्र मातीस परत मिळते.

तणनाशकाचा अर्ज दिवाळीपर्यंत दप्तरीच राहू दे, आणि तोवर प्रत्येक कापणीची तारीख व उंची वहीत नोंदवून ती वही मला दाखव.

तुझा,
काका