परमुलखी रुजू होताना

शिरूर (घोडनदी),
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सौ. माई हीस,

लेस्टरहून तू मोबाईलवर लिहून पाठविलेले लांबलचक पत्र पावले व मजकूर कळला. वर्गात आपल्याच हाताखालून दहावी होऊन गेलेल्या पोरांच्या वयाची मुले शेजारी बसतात, शिकविणारे गृहस्थ तुझ्याहून लहान असून त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी लागते, स्वयंपाकघर पाच जणींत सामाईक आहे, आणि इतकी वर्षे तालुक्यात ‘बाई’ म्हणून मान मिळविलेल्या तुला बँकेत खाते उघडण्यासाठी राहत्या जागेचा दाखला घेऊन पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागले, हे सर्व तू विनोदाने लिहिले आहेस. परंतु त्या विनोदाखालचा शीण मला दिसला, आणि म्हणूनच हे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे.

माझ्या मते तुझ्या अडचणीचे मूळ थंडीत नाही, भाषेत नाही, आणि पैशातही पुरते नाही. विशीतला मुलगा परदेशी जातो तेव्हा तो अजून कोणी झालेला नसतो; तू मात्र कोणीतरी होऊन, घरदार मांडून, पोराला दहावीपर्यंत आणून मग निघालीस, आणि ज्या मुलखात पाऊल ठेवलेस तेथे तुझ्या त्या कोणीतरी असण्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. (तिकडे पदवीच्या वर्गात एकविशी ओलांडलेल्यालाही ‘प्रौढ विद्यार्थी’ म्हणतात असे वाचून तुझ्या मामीला फार हसू आले, तिच्या मते मग तुला तर पेन्शनच मिळावयास हवी.) अशा वेळी कोणत्या गोष्टीत नमावयाचे आणि कोणत्या गोष्टीत मुळीच नमावयाचे नाही, ही वाटणी ज्याने त्याने स्वतः, आणि आधीच, करून ठेवावी लागते. ती न केली तर मनुष्य जेथे हट्ट धरू नये तेथे धरून बसतो आणि जेथे धरावा तेथे संकोचाने सोडून देतो.

आपल्या न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरले की हाकेच्या अंतरावर केडगाव लागते, आणि केडगाव म्हटले की आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. परंतु त्या बाई केडगावास येण्याच्या कितीतरी आधी तुझ्यासारख्याच विद्यार्थिनी म्हणून विलायतेस गेल्या होत्या, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १८८३ साली पंचविशीतली ही विधवा, संस्कृत विद्वत्तेबद्दल कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेली, दोन वर्षांच्या मनोरमेस कडेवर घेऊन मुंबईहून आगबोटीत बसली. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून तिने वाटखर्च भागविला, आणि वाँटेज येथील मठात राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात तेथील भगिनींना मराठी शिकविण्याचे ठरविले. म्हणजे आपल्या देशात जिच्यापुढे शास्त्री-पंडितांनी मान तुकविली ती तेथे इंग्रजी शिकणारी विद्यार्थिनी झाली, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही. वैद्यक शिकावे हा तिचा मूळ बेत होता. कानांनी दगा दिल्यामुळे तो सोडावा लागला, तेव्हा रडत न बसता ती १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात दाखल झाली, आणि तेथे स्वतः शिकत असता संस्कृत शिकवूही लागली.

पण मला तिचा खरा कस दिसतो तो लहान गोष्टींत. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. जमल्यास तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तो मागव. धर्म बदलूनही रमाबाई शाकाहारीच राहिल्या, अंडी घातलेल्या पुडिंगलाही त्या हात लावीत नसत, आणि भगिनींच्या दृष्टीने हा जातीच्या जुन्या अभिमानाचा अवशेष होता. तसाच वाद गळ्यातील क्रुसावरील अक्षरांचा: ती लॅटिनमध्ये असावीत ही तिकडची रीत, तर माझ्या देशभगिनींना लॅटिन कोठून कळणार, तेव्हा ती संस्कृतात असावीत, हे रमाबाईंचे म्हणणे. कोणी याला क्षुल्लक म्हणेल. मी म्हणत नाही, कारण ज्यांच्या अन्नावर आपण आहो त्यांच्याच ताटातील एक पदार्थ नम्रपणे बाजूस सारण्यास जी स्थिरबुद्धी लागते ती व्यासपीठावरून मोठी तत्त्वे सांगण्यास लागत नाही. आणि गंमत अशी की ज्या जेराल्डीनबाईंशी तिने एवढे कडाक्याचे वाद घातले, त्यांनाच ती पत्रांत ‘आजीबाई’ म्हणून संबोधी. मायना आजीबाईचा आणि मजकूर बिनतोड युक्तिवादाचा, अशी ती पत्रे आहेत. माई, तुझ्या स्वयंपाकघरात ज्या कोरियन मुलीने तुझ्या तव्यावर मांस भाजले आणि तू दोन दिवस उपाशीपोटी घुम्यासारखी बसलीस, तिच्याशी असेच बोलावयास हवे होते: हा तवा माझा, यावर मी एवढे होऊ देत नाही, बाकीची भांडी खुशाल घे. ती मुलगी दुष्ट नाही, तिला ठाऊक नाही. आणि न सांगितलेली गोष्ट ठाऊक नसण्याचा दोष तिच्या माथी मारता येणार नाही.

वर्गातील गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट. तेथे सर्वस्वी नमावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून परतले होते. १९२० साली ते पुन्हा गेले तेव्हा वय २९, घरी पत्नी व मूल, आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील अर्थशास्त्राची प्राध्यापकी सोडलेली. काल व्याख्यान देणारा मनुष्य आज पुन्हा बाकावर बसला. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी उघडता उघडता शिरावे आणि ते बंद होईतो उठू नये, खाणे अगदी बेताचे, खानावळीचे लाड नाहीत, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदविला आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., आणि मधल्या मध्ये बॅरिस्टरीही. तेव्हा पहिल्या निबंधावर शेरे आले म्हणून तू खट्टू व्हावेस हे मला रुचले नाही. आपल्याकडे थोरांचे वाक्य जसेच्या तसे उद्धृत करणे हा आदर समजला जातो, तिकडे कोणाचे ते न सांगितल्यास ती चोरी ठरते. हा तेथील कायदा आहे असे समजून पाळ, त्यावर रुसू नकोस. मास्तरांना नावाने हाक मारणे तुला जड जात असेल तर महिनाभर हाकच मारू नकोस, नुसती नजरानजर करून प्रश्न विचार, सवय होईल.

आता कारकुनीचे. चाळीस वर्षे कचेरीत कागद हाताळल्यामुळे यात माझा अधिकार थोडा मानशील अशी आशा आहे. नव्या खोलीत सामान लावण्यापूर्वी तिचा पंचनामा कर: भिंतीवरील ओल, गादीवरील डाग, खिडकीची न लागणारी कडी, वीजमापकाचा आकडा, या सर्वांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी घरमालकास पाठव, म्हणजे सोडताना ते नुकसान तुझ्या नावे पडणार नाही. भरलेली अनामत इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत जमा व्हावी लागते. त्याचा दाखला मागून घे, आणि न मिळाल्यास लेखी तगादा लाव. मालक स्वतः त्याच घरात राहत असला तर मात्र हे संरक्षण लागू होत नाही, एवढे पाहून घे. वैद्यकीय अधिभार तू व्हिसाबरोबरच भरलेला आहेस. तेव्हा आजारी पडण्याची वाट न पाहता जवळच्या सरकारी डॉक्टरांकडे नाव नोंदव.

कामाच्या बाबतीत अधिक सांगावेसे वाटते, कारण येथे चूक झाली तर तिची दुरुस्ती नाही. सत्र चालू असता आठवड्यास २० तासांहून अधिक काम करण्यास मनाई आहे, आठवडा सोमवार ते रविवार धरतात, आणि तुझ्या अभ्यासक्रमात उन्हाळ्यात प्रबंध लिहिण्याचे महिने येतात ते बहुधा सुट्टीत मोडत नाहीत, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घे. शेजारच्या गुजराती कुटुंबाने मुलांची खासगी शिकवणी घेण्याविषयी विचारले आहे असे तू लिहितेस. शिकविणे तुझ्या हाडीमांसी आहे, पैशाची चणचण आहे, आणि ते लोकही सज्जन आहेत. तरीही नाही म्हण. तुझ्या व्हिसावर स्वतंत्र धंदा करता येत नाही, आणि मोबदला घेऊन घेतलेली शिकवणी त्यातच जमा होते. दुकानात पगारी काम मिळाले तर ते कर. तालुक्यातल्या कोणाला कळेल याची फिकीर नको. कळले तरी मी आहे.

बेलग्रेव्ह रोडवर बाजरीचे पीठ मिळते हे वाचून आनंद झाला. पीठ आण, भाकरी कर, त्यात काटकसरीचे कारण नाही. परंतु त्या रस्त्यावरच राहण्याची जागा शोधण्याचा तुझा विचार मला पटत नाही. लेस्टरात गुजराती वस्ती एवढी जुनी व नांदती आहे की तेथे मनुष्य वर्षभर हिंदीवर निभावून नेईल, आणि वर्ष संपल्यावर पाहील तर आपण दिवाळीची रोषणाई पाहण्याखेरीज परमुलखात केले काय, याचे उत्तर सापडणार नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करीत असता इंग्रजांच्या घरांतून हिंडले, त्यांच्या गरीब वस्त्यांतले काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १९०६ मध्ये त्यांनी काढलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कामास ते पाहणे उपयोगी पडले. तू शिक्षणशास्त्र शिकावयास गेली आहेस. तेथील एखाद्या प्राथमिक शाळेत आठवड्यातून एक सकाळ विनामोबदला बसता येईल का, हे विद्यापीठाच्या परवानगीने विचारून पहा.

पोराची काळजी करू नकोस असे मी म्हणणार नाही, कारण तू करणारच. घड्याळे मागे गेल्यापासून आपल्या रात्रीचे नऊ म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन. ती वेळ ग्रंथालयातून उठून चहा घेण्याची ठेव आणि रोज त्याच वेळी बोल, म्हणजे अवेळी फोन करून त्याच्या अभ्यासाचा व तुझ्या झोपेचा मोड होणार नाही. गणित त्याचे बरे आहे. संस्कृत मी पाहतो. नव्या नियमाप्रमाणे तुझ्यासारख्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेलेल्यांना कुटुंब बरोबर नेता येत नाही, हे तुझ्या निवडीचे फळ नव्हे. त्याचा अपराध स्वतःकडे घेऊ नकोस.

एक गोष्ट राहिली. न्हावऱ्याच्या जमिनीला तुझ्या वडिलांचे वारस लावण्याचा फेरफार चालू आहे, आणि तुझे भाऊ तुझ्याकडे हक्कसोडपत्राचा मसुदा पाठविणार असल्याचे कानावर आले. हक्क सोडावा की न सोडावा हा सर्वस्वी तुझा प्रश्न, मी त्यात पडत नाही. परंतु परीक्षेच्या धांदलीत, फोनवरच्या गोड बोलण्याने, न वाचता सही करू नकोस. वारसनोंदीला हक्क सोडण्याची जरूर नसते, हेही ध्यानात ठेव. कोणास मुखत्यारपत्र देण्याची वेळ आलीच तर ते तेवढ्याच कामापुरते दे, सर्वाधिकाराचे नको, आणि वकिलातीत सही साक्षांकित करून घेतल्यावर रवाना करण्यापूर्वी मला कळव; कागद हिंदुस्थानात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि तेवढी धावपळ येथे मीच करणार आहे. मसुद्याची एक नक्कल आधी माझ्याकडे धाड.

तुझा,
मामा