श्रवणक्षीण रुग्ण आणि संवादाची पाठचिकित्सा : बंगळूरच्या संदर्भात

मौलाना रूमी यांच्या ‘मसनवी’च्या पहिल्या खंडात एका बहिऱ्या गृहस्थाची कथा आहे. आजारी शेजाऱ्याच्या समाचारास निघताना तो आपले प्रश्न आणि शेजाऱ्याची संभाव्य उत्तरे मनाशी जुळवून ठेवतो. शेजारी आपले मरण जवळ आल्याचे सांगतो, तेव्हा हा ईश्वराचे आभार मानतो. विष घेतल्याचे सांगतो, तेव्हा ते पथ्यकर ठरो अशी सदिच्छा व्यक्त करतो. या विपरीत संभाषणाचे मूळ केवळ श्रवणदोषात नाही. ते न तपासलेल्या तर्कात आहे. ऐकू न आलेली जागा मनुष्य रिकामी ठेवीत नाही, अपेक्षित शब्दाने भरून काढतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही क्रिया परिचित आहे. पोथीतील गळालेली अक्षरे लेखनिक संदर्भावरून भरतो, आणि सुबोध वाटणारा पाठच पुष्कळदा भ्रष्ट असतो. श्रवणक्षीण रुग्णापर्यंत पोचणारे वाक्यही असेच खंडित असते. वार्धक्यातील श्रवणऱ्हासात बहुधा उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी क्षीण होतात. स, श, त यांसारखी व्यंजने निसटतात, स्वर मात्र पोचतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार यातूनच उद्भवते. ओरडून बोलल्याने स्वर बळावतात आणि ओठांची ठेवण बिघडते. गळालेले व्यंजन परत येत नाही.

ओष्ठवाचन हाही अपुराच साक्षीदार. प, ब, म उच्चारताना ओठ सारखेच मिटतात. त्यामुळे ‘पोट’ आणि ‘बोट’ डोळ्यांना एकच दिसतात. ‘सात’ व ‘साठ’ यांतील भेद जिभेचा, आणि तो मुखाच्या आत घडतो. २०२० पासूनच्या करोना साथीत मुखपट्टीने हा साक्षीदारही झाकला.

बंगळुरात या प्रश्नाला बहुभाषिकतेची जोड मिळते. शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र रेखाटणाऱ्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांतील रचना आहेत. या शहरातील रुग्णालयातही एकाच तपासणीत कन्नड, इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकत्र येऊ शकतात. कन्नडमध्ये ‘मात्रे’ म्हणजे औषधाची गोळी. मराठी वृद्धास ‘मात्रा’ म्हटले की उगाळून चाटवायचे औषध आठवते. अर्धवट ऐकलेल्या परभाषेत असा परिचित शब्दच अधिक फसवा ठरतो.

अशा वेळी डॉक्टर सोबतच्या मुलाकडे वळतात. ‘तुम्हाला काय होते?’ या प्रश्नाचा ‘यांना काय होते?’ असा प्रश्न होतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा केवळ पुरुषभेद आहे. परंतु स्वतःच्या देहाविषयीच्या संभाषणातून रुग्ण त्यामुळे बाहेर पडतो, आणि मुलासमोर सांगता न येणारी लक्षणे न सांगितलेलीच राहतात.

म्हणून पहिला नियम असा की, वैद्याने रुग्णाकडेच तोंड करून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसून बोलावे. विषय आधी सांगावा, म्हणजे तर्काला योग्य दिशा मिळते. न कळलेले वाक्य तेच पुन्हा न उच्चारता शब्द बदलून सांगावे. औषधाचे प्रमाण अंकांत, रुग्णाला वाचता येणाऱ्या लिपीत लिहून द्यावे. मात्र लेखन हा सर्वांसाठी उपाय नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठीचे किंवा कन्नडचे हस्तरूप नाही. तीच ज्याची पहिली भाषा, त्याच्यासाठी दुभाषी हवा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील संप्रेषणाच्या व्याख्येत लिखित मजकुराबरोबर संकेतांचाही समावेश आहे, हे येथे लक्षणीय होय.

सर्वांत अविश्वसनीय पाठ म्हणजे रुग्णाचा होकार. पुन्हा विचारण्याच्या संकोचाने मान हलते, आणि त्या होकारावर उपचार आधारले जातात. ‘कळले ना?’ असे विचारण्याऐवजी ‘गोळ्या कशा घ्याल, ते सांगा’ असे म्हणावे. रुग्णाच्या कथनात पाठभेद आढळला, तर त्याचा दोष श्रोत्याच्या माथी न मारता सांगण्याची रीत बदलावी. मराठीत ग्रंथाची आणि रोगाची, दोहोंचीही ‘चिकित्सा’ होते. अशा रुग्णाच्या बाबतीत पहिली नीट झाल्यावाचून दुसरीला प्रारंभच होत नाही.