पेशीतील पहारेकरी

(कॅल्शिअम म्हटले, की आपल्याला हाडे आणि दात आठवतात. पण हृदयाचा प्रत्येक ठोकाही कॅल्शिअमवर अवलंबून असतो. पेशीतील कॅल्शिअमवर लक्ष ठेवणाऱ्या तंतुकणिकांची माहिती या पाठात दिली आहे.)

सिडनी रिंगर हे लंडनमधील एक डॉक्टर होते. ते बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत. शरीराबाहेर काढलेले हृदय ते मिठाच्या पाण्यात ठेवत. ते हृदय बराच वेळ धडधडत राही. पुढे त्यांच्या लक्षात आले, की द्रावण तयार करताना ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. मग त्यांनी ऊर्ध्वपातित पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला. या वेळी ठोके क्षीण होत गेले आणि हृदय थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? त्यात कॅल्शिअम होते! आधीच्या प्रयोगातील चूक रिंगर यांनी लपवली नाही. १८८३ साली त्यांनी ती स्वतःच छापून जाहीर केली. आज दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले दिसते. ते याच डॉक्टरांचे नाव आहे.

आपल्या शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शिअम हाडांत व दातांत असते. उरलेले अगदी थोडे रक्तात आणि पेशींत असते. पेशीबाहेरच्या द्रवापेक्षा पेशीच्या आतील द्रवात मोकळे कॅल्शिअम सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. ते कमी असण्यातच खरा फायदा आहे. वर्ग शांत असेल, तर एक टाळीसुद्धा सर्वांना ऐकू येते. गोंगाटात ती कोणालाच ऐकू येत नाही. पेशीतही तसेच घडते. कॅल्शिअम थोडेसे वाढले, की पेशीला संदेश मिळतो आणि स्नायू आकुंचन पावतो. संदेश पोहोचल्यावर कॅल्शिअम लगेच कमी करावे लागते. हे काम पेशीतील पंप आणि कॅल्शिअमच्या साठवणीच्या जागा करतात. त्यांच्या जोडीला तंतुकणिका असतात.

१८९८ साली कार्ल बेंडा यांनी या कणांना नाव दिले. ते नाव ग्रीक भाषेतील 'धागा' आणि 'कण' या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनले आहे. मराठी शब्दही तसाच बनला आहे : तंतू आणि कणिका. तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर. अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणे, हे तिचे मुख्य काम. हृदय रात्रंदिवस काम करते. म्हणून त्याच्या स्नायूपेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो.

तंतुकणिकेला दोन आवरणे असतात. आतल्या आवरणाच्या आतील बाजूस ऋण विद्युतभार असतो. कॅल्शिअमवर धन भार असतो. त्यामुळे ते आत ओढले जाते. तंतुकणिका कॅल्शिअम शोषून घेतात, हे १९६१-६२ च्या सुमारास दिसून आले. पण त्याचा नेमका दरवाजा सापडायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली. २०११ साली इटली व अमेरिका येथील दोन गटांनी तो दरवाजा बनवणारे प्रथिन शोधले. या दरवाजावर पहारेकरीही असतो! तोही एक प्रथिनच आहे. बाहेर कॅल्शिअम कमी असेल, तर तो दरवाजा बंद ठेवतो. ते वाढले, की दरवाजा उघडतो.

आत आलेले कॅल्शिअम जणू सांगते, "काम वाढले आहे, ऊर्जा जास्त हवी." मग तंतुकणिका ऊर्जा वेगाने तयार करते. त्यानंतर कॅल्शिअम दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. आवक आणि जावक यांचा असा मेळ बसला, की पेशी निरोगी राहते.

हा मेळ बिघडला, तर काय होते? काही मुलांमध्ये जन्मापासूनच हा पहारेकरी सदोष असतो. त्यांचे स्नायू अशक्त असतात आणि त्यांना शिकणे जड जाते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या काही भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. प्राणवायू मिळत नाही, ऊर्जा संपते आणि पंप थांबतात. पेशीत कॅल्शिअम साचू लागते. रक्त पुन्हा सुरू झाले, की तंतुकणिका ते भराभर शोषतात. प्रमाणाबाहेर कॅल्शिअम भरले, की त्या फुगतात, फुटतात आणि पेशी मरते. उशीर जितका जास्त, तितक्या अधिक पेशी मरतात. म्हणून छातीत जोराची कळ आली, तर "गॅस झाला असेल" असे म्हणून थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

मग दूध पिणे सोडावे का? मुळीच नाही. आपण कॅल्शिअमयुक्त अन्न खाल्ले, म्हणून ते पेशीत साचत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण शरीर सांभाळते आणि पेशीतील प्रमाण पंप व दरवाजे सांभाळतात. वाढत्या वयात हाडांसाठी दूध, दही आणि नाचणी हवीच. कॅल्शिअम शत्रू नाही. ते योग्य जागी आणि योग्य प्रमाणात असले पाहिजे, एवढेच.

शब्दार्थ
ऊर्ध्वपातित पाणी – वाफ थंड करून मिळवलेले शुद्ध पाणी
क्षीण – कमजोर
आकुंचन पावणे – आखडणे
आवक-जावक – आत येणे आणि बाहेर जाणे
सदोष – दोष असलेला

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रिंगर कोणत्या प्राण्याच्या हृदयावर प्रयोग करत?
(आ) तंतुकणिकेला पेशीचे वीजघर का म्हणतात?
२. कारणे द्या : छातीत कळ आल्यास उशीर करू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : शांत, निरोगी, शत्रू.
४. 'पहारेकरी' या शब्दासाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात, ते लिहा.