आधी शून्य तपासा



गॅदरिंगच्या भांडणानंतर आमच्या हॉस्टेलचे ए ब्लॉक आणि बी ब्लॉक महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मेसमध्ये टेबलंसुद्धा वेगळी झाली होती. नेमके त्याच वेळी प्रोजेक्टचे ग्रुप पडले आणि दोघं ए चे, दोघं बी चे असे आम्ही एकत्र आलो. काम वाटून घेतलं की बोलायची गरजच नाही, असा आम्ही हिशेब केला. शाफ्ट आम्ही टर्न करायचा, बुश त्यांनी बोअर करायचा.

जोडायच्या दिवशी शाफ्ट आत जाईना. "तुमचं बोअर लहान", "तुमचा शाफ्ट जाड" सुरू झालं. वर्कशॉपमधले मामा म्हणाले, "कायले भांडता बे पोट्टेहो? आधी मायक्रोमीटर बंद करून शून्य पाहा, मंग भांडा." पाहिलं तर आमचाच मायक्रोमीटर शून्याच्या चार रेघा मागे होता. म्हणजे शाफ्ट 0.04 मिमी जाड! मान खाली घालून शाफ्ट परत लेथवर लावला. गंमत म्हणजे, बी ब्लॉकवाले हसले नाहीत. त्यांनी आपलाही मायक्रोमीटर तपासायला पुढे केला. महिनाभरानंतरचं आमचं ते पहिलं सरळ बोलणं.

मोठं यंत्र, मोठी भांडणं

पुढे सेमिनारसाठी सर्न या प्रयोगशाळेबद्दल वाचताना मामांची आठवण झाली. सर्नची स्थापना 29 सप्टेंबर 1954 ची. महायुद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झालेली, आणि एकमेकांविरुद्ध लढलेले फ्रान्स व पश्चिम जर्मनी पहिल्या बारा सदस्यांत एकत्र बसले. आज तिथला 27 किलोमीटरचा बोगदा फ्रान्स-स्वित्झर्लंडची सीमा जमिनीखालून ओलांडतो.

याच बोगद्यावर सीएमएस नावाचा सुमारे 14,000 टनांचा डिटेक्टर आहे. आपल्यासाठी त्यात विशेष काय? त्याच्या लोखंडी चौकटीचा भार पेलणारे पाय पाकिस्तानात बनले. त्याच चौकटीच्या आत बसवलेला बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झाला. म्हणजे मुंबईचं काम पाकिस्तानी पायांवर उभं आहे!

म्यूऑन कण टिपणाऱ्या आरपीसी डिटेक्टरांचंही तसंच. बॅकेलाइटच्या दोन पट्ट्या, मधे 2 मिमीची वायूची फट आणि हजारो व्होल्टचा दाब, अशी साधी रचना. दोन्ही टोकांकडचे सुरुवातीचे बरेच आरपीसी इस्लामाबादच्या राष्ट्रीय भौतिकी केंद्रानं जोडले. पुढे 2013-14 च्या सुमारास चौथा थर वाढवला, तेव्हा त्यातले काही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात तयार झाले.

आता खरी गोष्ट. एकच म्यूऑन या सगळ्या थरांतून जातो. एका थरानं तो टिपला नाही, तर शेजारच्या थराच्या नोंदीवरून ती चूक उघडी पडते. तिथे देश पाहून सूट मिळत नाही आणि देश पाहून संशयही घेता येत नाही. 1998 च्या अणुचाचण्या झाल्या, 1999 चं कारगिल झालं, पण या प्रयोगातून दोघांपैकी कुणी बाहेर पडलं नाही. 4 जुलै 2012 ला हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा त्या शोधात दोन्ही देशांचा वाटा होता. पाकिस्तान 2015 मध्ये आणि भारत 2017 मध्ये सर्नचे सहयोगी सदस्य झाले.

मग युद्धं का थांबत नाहीत?

हा प्रश्न सेमिनारमध्ये सरांनी विचारलाच. प्रामाणिक उत्तर असं, की विज्ञानाच्या हातात ते नाही. 2025 च्या मे महिन्यात सीमेवर काय झालं, ते आपण सर्वांनी पाहिलं. युक्रेनच्या युद्धामुळे सर्ननं रशियाबरोबरचा करार 30 नोव्हेंबर 2024 ला संपू दिला. राजकारण बिघडलं की प्रयोगशाळेचं दारही बंद होऊ शकतं.

तरीही काहीतरी उरतं. 31 डिसेंबर 1988 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या 1 जानेवारीला एकमेकांना देतात. पहिली देवाणघेवाण 1992 ची, आणि कारगिलनंतरही ती थांबली नाही. हेतू एवढाच, की या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही. यात प्रेम नाही, पण एक पाळला गेलेला शब्द आहे.

थोडक्यात

1. विश्वास आधी आणि काम नंतर, असं क्वचितच होतं. बहुतेकदा काम आधी असतं.
2. काम असं हवं, की एकाचा भाग दुसऱ्याशिवाय चालणार नाही.
3. दुसऱ्याचं माप तपासण्याआधी आपलं शून्य त्याला तपासू द्यावं. हे सगळ्यात अवघड.

आमचा शाफ्ट शेवटी बसला. ए आणि बी ब्लॉकचं भांडण पूर्ण मिटलं असं मी म्हणणार नाही, क्रिकेटच्या मॅचला अजूनही आवाज चढतात. पण मेसमध्ये आम्हा चौघांचं टेबल आता एकच आहे, आणि तर्री-पोह्याच्या दिवशी जागा कोण धरणार, तेही ठरलेलं आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी