तुझा मंत्र तूच बांध

इच्छा लिहून जाळायचं ते तमालपत्र आधी डब्यात ठेव बघू. त्यावर जेलपेनची शाई धड बसत नाही, आणि हॉस्टेलच्या खोलीत ते जाळलंस तर प्रबंधाचं तिसरं प्रकरण प्रकट व्हायच्या आधी रेक्टरबाई प्रकट होतील.

चेष्टा करत नाहीये, बयो. फोनवर तू जे विचारलंस ते मी हसण्यावारी नेलेलं नाही. एखादा मंत्र नसतो का गं ताई, की तो म्हटला आणि काम सुरू झालं? असतो. म्हणून तर एवढं लांबलचक लिहायला बसले. फक्त तो रीलवर मिळत नाही. कुणी बाबा, ताई किंवा माताजी पैसे घेऊन देत असतील तर त्यांच्या वाटेलाही जायचं नाही. मंत्राने अडलेली कामं करून देतो म्हणत घाबरवून लुबाडणाऱ्यांसाठीच आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. मी सांगतेय तो मंत्र फुकटातला आहे, घरातला आहे, आणि तो तुझा तुलाच बांधावा लागतो.

तुझ्या त्या तीन-सहा-नऊबद्दल आधी. सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा ‘माझा प्रबंध पूर्ण झाला आहे’ असं वहीत लिहायचं. म्हणजे दिवसाला अठरा ओळी. तेवढ्या ओळी प्रबंधातच लिहिल्यास तर महिन्यात प्रकरण उभं राहील, असा चहाटळपणा मी करणार होते, पण खरी गोम वेगळीच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात गॅब्रिएले ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. छान छान स्वप्नं रंगवल्यावर माणसात हुरूप येतो का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी हेदर कॅपीस यांनी तपासलं आणि २०११ मध्ये छापलं. हुरूप येत नाही, उलट ओसरतो. वरचं ब्लडप्रेशर मोजलं तर तेसुद्धा उतरलेलं. मनाने पेढे खाऊन टाकले, आता अंग कशाला हलवायचं? ‘पूर्ण झाला आहे’ असं अठरा वेळा लिहून तुला बरं वाटतं ना, तिथेच घात आहे.

आणि स्वतःला आळशी म्हणणं आधी बंद कर. आळशी मुलगी हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याचे माठ घासत नाही. तू प्रकरण सोडून बाकी सगळं करतेस. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या अभ्यासकांचं म्हणणं असं की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्नच नाही, तो आत्ताच्या आत्ता बरं वाटून घेण्याचा प्रश्न आहे. फाइल उघडली की पोटात गोळा येतो, फाइल मिटली की गोळा विरतो, आणि त्या विरण्याचीच चटक लागते. म्हणून तुला वेळापत्रक पाठवत नाही. वेळापत्रकं तू माझ्यापेक्षा सुबक करतेस, चार रंगांत. तुला हवाय तो गोळा आलेला असताना पहिली पाच मिनिटं पार करून देणारा काहीतरी तोडगा. मंत्राचं काम तेवढंच. अख्खा प्रबंध लिहून देणारा मंत्र कुणाच्याच पोथीत नाही.

आता सत्यनारायणाची पूजा आठव. कथा किंवा प्रसाद नव्हे, त्याच्या आधीचा भाग, जेव्हा आपण मुलं चुळबुळत बसायचो. आचमन झालं की गुरुजी एका दमात काय काय म्हणत सुटायचे, आणि मग एकदम थांबून, ‘नाव? गोत्र?’ बाबा सांगायचे. हातावर पळीभर पाणी, ताम्हनात सोडलं, झालं. तो संकल्प. आपल्याला ती नुसती गडगड वाटायची. पण त्यात काय असतं ते एकदा नीट ऐक. सुरुवात होते ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून. मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग. तिथून जंबुद्वीप, भरतवर्ष, आणि आपण पुण्याचे म्हणून गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर हा अमुक गोत्रातला अमुक नावाचा माणूस, आणि सगळ्यात शेवटी, तो आज काय करणार आहे. विश्वाच्या आरंभापासून निघून गुरुजी बाबांना नेमके त्या पाटावर, त्या सकाळी, त्या एका कामापाशी आणून बसवायचे. पळून जायला जागाच ठेवायची नाही! सगळं मोठ्याने, चार माणसांदेखत, आणि वर हाताला गार पाणी लागलं पाहिजे.

ज्याने कुणी हे रचलं त्याला माणसाची जात पक्की ठाऊक होती, असं माझं मत. भक्तिभाव असो नसो, ही कारागिरी आहे. ‘मी पूजा करेन कधीतरी’ असला संकल्प कुणी सोडत नाही. कधी, कुठे, कोण आणि काय हे सांगितल्याशिवाय पाणी सुटतच नाही.

याच गोष्टीवर ओटिंगेनबाईंचे यजमान, पीटर गॉलवित्झर, यांनी आयुष्य घालवलंय. (नवराबायको दोघंही इच्छा आणि कृती यांच्यामधल्या दरीचा अभ्यास करतात. त्यांच्या घरात भांडी वेळच्या वेळी घासली जातात का, हे मला फार विचारावंसं वाटतं.) जर्मनीत त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळाच्या सुट्टीत एक काम दिलं. नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते लिहून दोन दिवसांत पाठवायचं. सुट्टीतला गृहपाठ म्हणजे टाळण्याचं हक्काचं काम. निम्म्यांकडून त्यांनी एवढंच जास्तीचं लिहून घेतलं की तू हे नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिशील. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी वेळेत काम पाठवलं. बाकीच्यांत जेमतेम एक तृतीयांश. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले, आणि ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ एवढ्या साध्या वाक्याचा परिणाम चांगलाच दणदणीत निघाला. त्या वाक्यातली खुबी ‘झालं की’मध्ये आहे. अमुक झालं की हात आपोआप तिकडे वळतो, दर वेळी मनाची समजूत घालत बसावं लागत नाही.

तर तुझा संकल्प आपण बांधू. मी एक मसुदा करते, तू आपल्या सोयीने बदल.

‘आज मंगळवार. मुळा-मुठेच्या काठी, हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी. रात्रीच्या जेवणाचा डबा घासून पालथा घातला की, मी, आईची आणि बाबांची मुलगी, मार्गदर्शक सरांनी एक्केचाळिसाव्या पानाच्या समासात जी लाल प्रश्नचिन्हं काढली आहेत, त्यांतल्या पहिल्या तिन्हींपुढे एकेक वाक्य लिहिणार.’

बस. प्रकरणाचं नाव काढायचं नाही, ‘चांगलं’ लिहीन असंही म्हणायचं नाही. तीन प्रश्नचिन्हं, तीन वाक्यं, वाईट असली तरी चालतील. नदी कशाला, असं विचारशील. मला विचारशील तर नदी हवीच. मोठ्याने म्हणताना पहिल्या दिवशी लाज वाटेल, म्हणून सुरुवातीला असं काहीतरी असावं ज्याचा जिभेला आनंद वाटेल. ‘साडेनऊ वाजता अभ्यास’ हे काय कुणी ताम्हनासमोर म्हणेल? आणि पाणी खरंच घे. ताम्हन नसेल तर वाटी चालेल. डबा घासून हात ओले असतीलच, ते पुसायच्या आधी म्हण. शब्द एका कानाने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर जातात, गार पाणी तसं जात नाही.

इथे मला एक मनातलं बोलू दे. आपल्या घरी संकल्प सोडताना आईने काय केलं? बाबांच्या हाताला हात लावून बसली. ‘यजमानीणबाई, हात लावा.’ संकल्प त्यांचा, हिचा नुसता स्पर्श. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं, अर्थ मराठीत समजावून पूजा सांगणाऱ्या बायका आता आपण बघतो, तरी कितीतरी घरांत अजून हात लावणंच चालू आहे. मला वाटतं, आपल्या कामाची वेळ आपण ठरवायची असते, हेच बऱ्याच जणींच्या अंगवळणी पडलेलं नसतं. कुणीतरी हाक मारेल तेव्हा उठायचं, कुणाचं तरी होऊन जाऊ दे मग आपलं. तू त्या तीन वाक्यांसाठी स्वतःच्या हातावर स्वतः पाणी घेतेस ही लहान गोष्ट नाही. असो, भाषण पुरे.

पोटातल्या गोळ्यासाठी वेगळा उतारा. आजी दृष्ट काढायची ती आठवते? मुठीत मीठ-मोहरी, ओवाळून चुलीत, तडतडली की, ‘बघ, केवढी लागली होती.’ आपण लगेच शहाण्यासारख्या जेवायला बसायचो. आता गंमत ऐक. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला. अनोळखी माणसासमोर गाणं म्हणायचं होतं, सगळे धास्तावलेले. त्यांच्यातल्या काहींना सांगितलं की आत्ता कसं वाटतंय त्याचं चित्र काढा, त्यावर मीठ भुरभुरवा, मोठ्याने पाचपर्यंत मोजा, कागद चुरगळा आणि टाकून द्या. त्यांची धडधड कमी झाली आणि ते सुरात गायले. मीठ, बयो, मीठ! अमेरिकेत जाऊनही मीठच. याहून गोड भाग असा की त्याच हालचालींना ‘विधी’ म्हटलं तर गुण येतो, ‘काहीतरी हालचाली’ म्हटलं तर येत नाही. म्हणजे करताना तुझ्या मनात तो विधी असायला हवा. तर फाइल उघडण्याआधी पाठकोऱ्या कागदावर सरांचं चित्र काढ, भुवया जाड काढ, चिमूटभर मीठ टाक, चुरगळ, कचऱ्यात. गॅसवर काही जाळू नकोस. तुला स्मोक अलार्मवाल्यांशी बोलायला पाठवायची माझी इच्छा नाही.

एक पथ्य मात्र पाळ. हे कुठे स्टेटसला टाकू नकोस. गुरुमंत्र षट्कर्णी होऊ द्यायचा नाही असं जुनी माणसं म्हणत, त्यात मला तथ्य दिसतं. गॉलवित्झरांनीच २००९ मध्ये दाखवलं की कायद्याच्या ज्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या बेतांची कुणीतरी वाचून दखल घेतली, त्यांनी प्रत्यक्ष काम कमी केलं. ‘वा, प्रबंध लिहितेयस!’ एवढं ऐकलं की अर्धी डॉक्टरेट मिळाल्यासारखं होतं. माझं काय, मला सांगितलंस तर चालेल, मी ‘वा’ म्हणणार नाही.

आणि ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी? मोडेलच. डबा घासशील आणि थेट अंथरुणात शिरशील. त्यासाठीही पूजेत सोय आहे. शेवटी क्षमापन असतं. मला आवाहन येत नाही, पूजा येत नाही, जे राहिलं ते पदरात घे, असं देवाला सांगून मोकळं व्हायचं. घरात कितीही चोख पूजा झालेली असो, क्षमापन म्हणतातच. काहीतरी राहणार हे गृहीतच धरलेलं आहे. पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवरचा अभ्यास छापला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसरीच्या वेळी चालढकल कमी केली. जे स्वतःला बोल लावत बसले त्यांच्या वाट्याला तो गोळाच आणखी आला, आणि गोळा आला की माणूस पुन्हा फाइल मिटतो. म्हणून मोडलं तर सकाळी दात घासताना एकदा म्हण, ‘काल राहिलं, सोडून दिलं.’ मग त्या रात्री पुन्हा पाणी घे, पण प्रश्नचिन्ह एकच. कालच्या तीनांची भरपाई म्हणून सहा घेऊ नकोस. तू तसं करणारी आहेस, म्हणून बजावतेय.

हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, आंघोळीलाही उठवत नाही असं असेल, तर ती चालढकल नव्हे. मग मीठ-पाणी राहू दे, डॉक्टरांकडे जायचं, मी येते बरोबर.

राहता राहिले सर. तू प्रकरणाला जितकी घाबरतेस त्याहून जास्त त्यांना घाबरतेस, हे मला फोनवरच्या आवाजावरून कळलं. त्यांच्यासाठी मंत्र नाही, त्यांना मेल लागते. तीही मी लिहून देते: ‘सर, तिसऱ्या प्रकरणाची दहा कच्ची पानं तयार आहेत. गुरुवारी किंवा शुक्रवारी दाखवायला येऊ का?’ इतकंच. उशिराबद्दल माफी मागणारा तुझा तो दीड पानी मजकूर काढून टाक. आणि पानं दहा नसतील तर जितकी असतील तितकी लिही, सहा असतील तर सहा.