डोंगराआडच्या गावांत मोबाइलची रेंज सुधारण्याचे उपाय

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी व महाबळेश्वर आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा ह्या तालुक्यांचा बराच भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. कोयना व वारणा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत वाड्या-वस्त्या डोंगराच्या सोंडांआड विखुरलेल्या असून त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी मोबाइलची रेंज दुबळी असते. ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या अनेक गावांना वेढा घातला. अशा प्रसंगी, अथवा सर्पदंश झालेल्या माणसासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना, फोन लागणे किंवा न लागणे ह्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. रेंज वाढविण्याचे काही उपाय शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आहेत. त्यांची माहिती पुढे दिली आहे.

रेंज कमी का होते?

मोबाइल व टॉवर ह्यांच्यातील संभाषण रेडिओलहरींच्या द्वारे चालते. ह्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे रेंज दुबळी होण्याची मुख्य कारणे तीन : आड, अंतर आणि घर.

टॉवर व वाडी ह्यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की लहरी अडतात. कोयना खोऱ्यातील बहुतेक वाड्यांची अडचण ही आहे. याउलट जत, आटपाडी, माण ह्या मोकळ्या माळरानाच्या तालुक्यांत आड कमी. परंतु टॉवर दूर असल्यास लहरी क्षीण होऊन पोहोचतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एक-चतुर्थांश उरते. तिसरे कारण घराचे. लोखंडी पत्रा लहरी परतवितो. जाड दगडी भिंत व सळई घातलेले काँक्रीट त्यांना क्षीण करते. म्हणून अंगणात लागणारा फोन माजघरात लागत नाही.

लहरींच्या लांबीचाही संबंध येतो. ७००, ८०० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब असल्याने त्या अडथळ्याला थोडाफार वळसा घालतात व भिंतीतून अधिक शिरतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या आखूड लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण आड आले की लवकर अडतात.

प्रथम मोजणी करावी

पिकावरील रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नये, तसेच येथेही आहे. फोनवरील दांड्या मोजून नेमका अंदाज येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या रीतीने दाखवितो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमधील ‘फोनविषयी’ ह्या भागात सिमच्या स्थितीखाली रेंजचा आकडा ‘डीबीएम’ ह्या मापात दिलेला असतो. हा आकडा उणे असतो. ४जी साठी उणे ९० किंवा त्याहून वरचा आकडा चांगला. उणे ११० च्या खाली गेल्यास रेंज दुबळी समजावी. दहा अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक होय. उणे १०५ च्या जागी उणे ९५ मिळाल्यास रेंज दहापट झाली.

हा आकडा घराच्या चारही कोपऱ्यांत, दारात, खिडकीत, माळ्यावर व अंगणात पाहून कागदावर लिहावा. फोन एकच वापरावा आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबावे. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. सबब फोन एक-दोन वीत सरकविल्यानेही आकडा बदलू शकतो. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-तीन वेळा मोजणी केली म्हणजे घरातील उत्तम जागा निश्चित होते.

बिनखर्चाचे उपाय

(१) फोन त्या निश्चित जागी, शक्यतो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत उंचावर ठेवावा आणि वायरच्या इअरफोनने किंवा स्पीकर लावून बोलावे.

(२) एक फोन उत्तम जागी ठेवून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा. घरातील इतर फोनांना त्यावरून इंटरनेट मिळते.

(३) ५जी ची रेंज येत-जात असल्यास सेटिंगमध्ये ४जी निवडावे. ४जी वरून बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, चालू असल्याची खात्री करावी.

(४) फोन दुबळ्या टॉवरला चिकटून राहिल्यास विमान मोड दहा सेकंद लावून काढावा. फोन नव्याने शोध घेतो.

(५) बोलणे तुटत असल्यास लघुसंदेश पाठवावा. त्यास क्षणभराची रेंज पुरते.

दुबळ्या रेंजमध्ये फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो व बॅटरी लवकर उतरते. पुराच्या किंवा अतिवृष्टीच्या काळात वीज जाण्यापूर्वी फोन भरून ठेवावेत आणि घरातील सर्व फोन एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

कंपनीची निवड

एकाच वाडीत एका कंपनीची रेंज नसते व दुसरीची असते, कारण त्यांचे टॉवर निरनिराळ्या दिशांना असतात. शेजारी व पाहुणे ह्यांची सिमे आपल्या घरी लावून आकडा पाहावा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ ह्या संकेतस्थळावर परिसरातील टॉवर पाहता येतात. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. त्यासाठी पोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत, व पुढे एक जागा सोडून आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवावा. दोन सिमांचा फोन असल्यास सिमे दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत.

थोड्या खर्चाचे उपाय

गावात फायबरचे इंटरनेट आले असल्यास वाय-फाय कॉलिंगचा उपयोग करावा. ह्या सोयीने टॉवरची रेंज नसतानाही नेहमीच्या क्रमांकावरून बोलता येते. फायबर नसेल तेथे बाहेरचा ॲन्टेना जोडता येणारा ४जी राउटर उपयोगी पडतो. ॲन्टेना छपराच्या वर, टॉवरच्या दिशेस तोंड करून बसवावा व वायर शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब वायरीत लहरींची शक्ती वाया जाते.

विहिरीवरील मोटारीच्या मोबाइल स्टार्टरलाही हाच नियम लागू आहे. पाळीची वीज रात्री आल्यास अंधारात, सापा-बिबट्याच्या भीतीत शेतावर जाणे स्टार्टरमुळे टळते; मात्र तो रेंजअभावी बंद पडल्यास उपयोग नाही. ॲन्टेना लोखंडी पेटीच्या आत ठेवू नये. उभ्या उसातील ओला पाला लहरी शोषून घेतो. म्हणून ॲन्टेना उसाच्या शेंड्यापेक्षा उंच खांबावर, विजेच्या तारांपासून दूर लावावा. हे काम मुख्य वीज बंद करूनच करावे.

काय करू नये?

बाजारात रेंज वाढविणारे बूस्टर विकले जातात. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही ते विकत घेणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे. त्यामागे कारणही आहे. असा बूस्टर टॉवरकडे गोंगाट पाठवितो आणि आसपासच्या सर्वांची रेंज बिघडवितो. एकाने पाट फोडला की पुढच्याचे वाफे कोरडे राहतात, तसाच हा प्रकार होय. फोनच्या पाठीवर चिकटवावयाच्या पट्ट्यांनी काहीही साधत नाही. ढग गडगडत असताना रेंजसाठी टेकडीच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली जाऊ नये.

गावकार्यकर्त्यांचे काम

प्रत्येक वाडीतील रेंजच्या जागा मोजून त्यांची यादी पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. जागा निवडताना दरडीखालची व ओढ्याकाठची टाळावी. ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसताना दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो, हे सर्वांना सांगावे. परंतु कोणाचाच टॉवर पोहोचत नसेल तेथे तोही लागत नाही.

जेथे एकही जागा सापडत नाही, तेथे टॉवर हाच उपाय होय. रेंज नसलेल्या गावांत ४जी पोहोचविण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी मंजुरी दिली. ग्रामसभेचा ठराव, वाडीची लोकसंख्या, मोजणीचे आकडे व टॉवरसाठी सुचविलेल्या जागेचा गट क्रमांक जोडून मागणी करावी. जागा वनक्षेत्रात येत असल्यास वनविभागाची परवानगी लागते. तो वेळ हिशेबात धरावा. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजणीच्या आकड्यांसह केलेल्या मागणीस अधिक वजन येते. म्हणून मोजणीचा कागद जपून ठेवावा.