निळ्या घराची पायरी

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून गोव्यास गेलो असता पणजीच्या फोंताइन्हास वस्तीत माझ्या हातून जो प्रमाद घडला, तो तिकडे जाणाऱ्यांच्या कानी घालणे मला अगत्याचे वाटते.

आल्तिन्हो टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या सांदीतील हा मोहल्ला अठराव्या शतकाच्या अखेरीस अंतोनियो जुआंव द सिक्वेरा या गोमंतकीयाने वसविला. मोझांबिकमध्ये द्रव्य मिळवून तो परतला, म्हणून लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असल्याने घरे निळी, पिवळी, तांबडी झाली आणि पावसाळा सरताच ती पुन्हा रंगविण्याचा दस्तूर पडला.

त्या रंगांनी माझे भान हरपले. ऐन दुपारी एका निळ्या घराच्या पायरीवर मी पत्नीला उभे केले आणि किलकिले दार छायाचित्रात अधिक शोभेल म्हणून ते हाताने लोटले, तो आत मेणबत्तीच्या उजेडात गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसे दिसली. काळी वस्त्रे ल्यालेली एक वृद्धा उठून आली आणि “घरात दुःख आहे, बाबा,” एवढेच बोलून तिने दार लावून घेतले. रामकुंडात वडिलांच्या अस्थी सोडताना कोणा परक्याने माझ्यावर कॅमेरा रोखला होता. त्याला मी आजवर क्षमा केलेली नाही, आणि इथे त्याच्या जागी मीच उभा होतो.

म्हणून विनंती अशी की, वाहन वस्तीबाहेर ठेवून सकाळी पायी हिंडावे, दुपारची विश्रांतीची वेळ टाळावी, पायरी, सज्जा आणि खिडकी ही घराच्या हद्दीतली समजावी, दारावरची पाटी वाचावी, आणि माणसाचे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागून, नकार मिळाला तरी ‘देव बरें करूं’ म्हणून पुढे व्हावे. डचांनी गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी नांदत्या ठेवलेल्या केपटाऊनच्या बो-काप मोहल्ल्यातील रहिवाशांचेही पर्यटकांविषयी असेच गाऱ्हाणे आहे.

संत सेबास्तियनच्या चॅपेलमधील, एकेकाळी इन्क्विझिशनच्या वाड्यात असलेला, उघड्या डोळ्यांचा ख्रिस्त मात्र अवश्य पाहावा. छायाचित्र हवेच असेल, तर खाडीवरील पुलावर उभे राहावे. सकाळचे ऊन समोरच्या घरांच्या रांगेवर पडलेले असते आणि कोणाचेही दार तिथून हाताशी येत नाही.